आले की आलो

नोव्हेंबर १९८५, तिसरा शनिवार, दुपारी चार. न्यू जर्सीतलं पिस्कॅटवे, एका शाळेचं भाड्याने घेतलेलं कॅफेटेरिया. दिवाळीचा कार्यक्रम. हजर: आई (हॉस्पिटलमधून थेट, पांढरा कोट गाडीत ठेवून), बाबा, मी (वय तेरा), धाकटी बहीण (वय आठ), आणखी दहा मराठी कुटुंबं, त्यांची मुलं. गैरहजर: चिवडा आणणारं कुटुंब, कारण त्यांची गाडी हायवेवर बंद पडली.

ही नोंद माझ्या तेव्हाच्या वहीतली आहे. याद्या करायची सवय मला तेव्हापासूनची. आमच्या घरात ते काम कुणीतरी करायलाच हवं होतं. आई डॉक्टरकीची रेसिडेन्सी करत होती. ती कधी घरी असेल हे फ्रिजवरच्या कागदावर बघावं लागे. बाबा विद्यापीठाच्या लॅबमध्ये होते आणि साडेपाचला घरी येत. स्वयंपाक, गृहपाठ, वेण्या हे सगळं बाबांकडे होतं. वेण्या वाकड्या व्हायच्या, बाकीचं ठीक.

आम्हा बहिणींचं मराठी दोन वेगळ्या ठिकाणी तयार झालं. आई-बाबा अमेरिकेला आले तेव्हा मला पुण्याला आजोळी ठेवून आले. मी आठ वर्षांची झाल्यावर इकडे आले, तोवर माझं बोलणं पक्कं झालं होतं. धाकटी इथलीच. तिला मराठी शिकवलं ते बाबांनी, म्हणजे शिकवलं असं नाही, ते कणीक मळता मळता तिच्याशी बोलत राहिले आणि ती शिकली.

तर त्या शनिवारी प्रत्येक मुलाने माइकपाशी येऊन दिवाळीत काय केलं ते दोन-तीन वाक्यांत सांगायचं होतं. बहुतेक मुलांनी आईने पाठ करून घेतलेलं भराभर म्हटलं आणि खाली उडी मारली. धाकटी कुणी पाठ करून न घेता गेली. तिला बोलायची हौस होती.

"आम्ही चकल्या केल्या," ती म्हणाली. "मी सोऱ्या दाबला. मग मी दमलो आणि झोपलो."

आधी एक काकू हसल्या, मग सगळे.

"अगं बाई, हा मुलगा कुणाचा गं?" त्या काकूंनी विचारलं. त्या कार्यक्रमाच्या मुख्य होत्या आणि त्यांचा आवाज माइकशिवाय पोचायचा.

"फ्रॉकातले बुवा दमले!" मागून एक काका.

"परत सांग गं, परत सांग!"

धाकटीला वाटलं, आवडलं सगळ्यांना. ती माइकच्या आणखी जवळ गेली आणि मोठ्याने म्हणाली, "मग मी दमलो आणि झोपलो!" पुन्हा हशा. या वेळी मात्र ती लोकांच्या तोंडांकडे बघत होती. ती पायऱ्या उतरून खाली आली आणि माझ्या शेजारी बसली. जेवायला वाढलं तेव्हा तिने फक्त भात घेतला.

घरी जाताना गाडीत तिने मला हळूच इंग्रजीत विचारलं, ते का हसले?

मी सांगितलं. मुली दमले म्हणतात, मुलगे दमलो म्हणतात. तू बाबांसारखं बोलतेस.

मी नेहमीच असं बोलते का, तिने विचारलं.

नेहमीच.

तुला माहीत होतं?

हो.

मग सांगितलं का नाहीस?

ती पाच वर्षांची असताना मी दोनदा सांगितलं होतं. नंतर सोडून दिलं. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. हे उत्तर गाडीत देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दिलं नाही.

घरी आईने कोट लावता लावता बाबांना विचारलं, "अहो, तुमच्या कानाला कधी खटकलं नाही?"

"नाही," बाबा म्हणाले, आणि सकाळीच घासून ठेवलेली कढई पुन्हा घासायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीचं मराठी बंद. मराठीत विचारलेलं सगळं तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. यात फार विशेष नव्हतं. त्या कार्यक्रमातल्या बहुतेक घरांमध्ये हेच चालू होतं आणि त्यासाठी कुणी मुलांना डॉक्टरकडे नेत नव्हतं. आई म्हणाली, "होईल इतर मुलांसारखी." पण आमच्याकडे एक अडचण होती. जूनमध्ये आजी येणार होती.

आजी म्हणजे बाबांची आई, कोल्हापूरजवळच्या गावातली. तिने आठ वर्षं विमानाला नाही म्हटलं आणि नवव्या वर्षी स्वतःच पत्र पाठवलं की धाकट्या नातीला एकदा बघायचं आहे, तिकीट काढा. मला तिने लहानपणी पाहिलं होतं; मी तिच्या गावी एकदाच, चार वर्षांची असताना, गेले होते आणि मला तिथली फक्त म्हैस आठवत होती. धाकटीला तिने फोटोतच पाहिलं होतं. ती चार महिने राहणार होती, धाकटीच्या खोलीत, धाकटीच्या शेजारच्या पलंगावर. आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. धाकटी बोलली नाही तर आजी एवढ्या लांबून येऊन नातीचं तोंड बघून परत जाणार होती.

आईने फ्रिजवर यादी लावली. लोकरी मोजे. न्हाणीघरात धरायला दांडा. कमी मिठाचं लोणचं. रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या ते विचारणे. नववी ओळ अशी होती: "धाकटीचं मराठी – ताईने बघणे."

मी बघितलं. एका वहीत दोन रकाने आखले. डावीकडे मुलगी, उजवीकडे मुलगा. आले, आलो. गेले, गेलो. बसते, बसतो. होते, होतो. रोज शाळेतून आल्यावर चार ते साडेचार. धाकटी हुशार होती. आठवड्यात सगळा तक्ता पाठ. डावा रकाना घडाघडा म्हणायची. वही मिटली की पुन्हा इंग्रजी.

एकदा तिने वही ढकलली आणि विचारलं, घरात आल्यावर मी मुलगी आहे हे दर वेळी का सांगायचं? दिसत नाही का? इंग्रजीत नुसतं 'आय केम' म्हटलं की झालं.

मी म्हटलं, "असतं तसं."

"हू सेज?"

"मराठी सेज," मी म्हणाले.

मला असल्या गोष्टींचा त्रास कधी झाला नाही. माझे दोन कप्पे होते. शाळेत मी डबा उघडायची तेव्हा पोळीच्या गुंडाळीला बरिटो म्हणायची, मैत्रिणीकडे रात्री राहायला परवानगी नसायची तेव्हा घरी पाहुणे आहेत असं सांगायची, आणि घराचं दार उघडलं की बूट आणि ते सगळं बाहेर. कुठे काय बोलायचं याची माझ्याकडे चक्क यादी होती. धाकटीकडे कप्पे नव्हते. तिने वर्गात शिंकल्यावर एकदा "बाई गं" म्हटलं होतं आणि बाईंना त्याचा अर्थही सांगितला होता. ती सगळीकडे एकच होती. म्हणूनच ते हसणं तिला माझ्यापेक्षा जास्त लागलं असावं. हे मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त रकाने आखत होते.

जानेवारीत एक बदल झाला. धाकटी थोडं थोडं मराठी बोलायला लागली.

"मला दूध."

"माझं होमवर्क झालं."

"बसमध्ये भांडण होतं."

आई खूश झाली. मीही वहीत बरोबरची खूण केली. पण काहीतरी विचित्र होतं. एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज उशीर का झाला गं?" तर ती म्हणाली, "लायब्ररीमुळे येणं उशिरा झालं."

आई हसू दाबत म्हणाली, "ही काय मंत्र्यासारखी बोलते?"

मी दोन दिवस तिची वाक्यं उतरवून घेतली. तीसेक झाली तेव्हा लक्षात आलं. एकाही वाक्यात आले नव्हतं आणि आलो नव्हतं. गेले नाही, गेलो नाही, बसते नाही, बसतो नाही. मला भूक लागली. माझं जेवण झालं. आमचं जाणं ठरलं. जिथे मुलगी की मुलगा हे सांगावं लागतं, त्या प्रत्येक क्रियापदाला तिने वळसा घातला होता. आठ वर्षांच्या मुलीने एकटीने, कुणाला न विचारता, मराठीतून जायची एक बोळकांडी शोधून काढली होती.

मी तिला सांगितलं की मला कळलंय. ती लाल झाली.

"पण त्यात चूक नाही ना?" तिने विचारलं, मराठीत.

चूक नव्हती. मी तक्ता बघून, विचार करून तसं सांगितलं. पण अशा बोलण्यात मी कुठे गेले, मी कशी घाबरले, मी काय करते, हे काही येत नाही. स्वतःबद्दल सांगायचं तेवढंच नेमकं बाहेर राहतं. असलं बोलणं आजी चार महिने कसं ऐकणार, मला कळेना. नवव्या ओळीपुढे मी 'अर्धं' असं लिहिलं.

जूनचा दुसरा आठवडा. न्यूयॉर्कचा विमानतळ, दुपार. हजर: आम्ही चौघं. दीड तास उभं राहिल्यावर दारं उघडली आणि विमान कंपनीच्या एका बाईने चाकाच्या खुर्चीतून आजीला आणलं. नऊवारी, त्यावर बाबांचा जुना स्वेटर, पायात मोजे आणि चपला. मांडीवर कापडी पिशवी, तिला दोन्ही हातांचा विळखा.

बाबा वाकून पाया पडले. आजीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोकळ्या आवाजात म्हणाली,

"आलो रे बाबा एकदाची! लई दमलो. त्या पट्ट्यावरनं सामान फिरत हुतं आणि मी आपली बघत बसलो."

मी आईकडे बघितलं. आई बाबांकडे बघत होती. बाबा बॅगा मोजत होते.

धाकटी माझ्याकडे बघत होती. मग तिने आजूबाजूला बघितलं. कोण हसतंय ते ती शोधत होती. कुणीच हसत नव्हतं.

गाडीत आजी मागे बसली, आमच्या दोघींच्या मध्ये. टोलनाका येईपर्यंत ती नुसती धाकटीचा हात उलटसुलट करून बघत होती. मग म्हणाली, "तुला ठावं हुतं का मी येणार ते?"

"हो," धाकटी म्हणाली. थोड्या वेळाने: "आजी, तू दमलो?"

"दमलो की गं. वीस तास बसून कोण दमणार न्हाई?"

धाकटीने खिडकीबाहेर बघितलं. मग एका दमात म्हणाली, "मी पण दमलो. मी सकाळी सहाला उठलो. मग मी एअरपोर्टवर उभा... उभी राहिलो. मी तुझी वाट बघत होतो."

"व्हय? मग आता माझ्या मांडीवर डोकं ठेव की," आजी म्हणाली.

सात महिन्यांत पहिल्यांदा ती स्वतःबद्दल बोलत होती आणि सगळी क्रियापदं उजव्या रकान्यातली होती. माझ्या पिशवीत ती वही होती. मी पिशवीची चेन लावली.

त्या संध्याकाळी आजी झोपल्यावर आईने बाबांना गाठलं. मी भांडी पुसत होते, म्हणून मला ऐकायला मिळालं.

"तुम्हाला माहीत होतं."

"आमच्याकडे सगळ्या बायका तशाच बोलतात. आई, बहिणी, आत्या. मला खटकणार कसं?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"पुण्याला होस्टेलवर माझ्या बोलण्यावर वर्षभर हसायचे. येवालोय, जेवालोय, काय करालाय, सगळ्याची नक्कल करायचे. मग मी त्यांच्यासारखा बोलायला शिकलो. म्हटलं, आपलं ते गावाकडचं. पोरीने कशाला ते घेऊन फिरायचं? आणि तुझ्यासमोर जरा लाज वाटली."

"अहो, लग्नाला सोळा वर्षं झाली!" आई म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "खरं तर मीही ऐकलं होतं. लग्नानंतर आठ दिवस राहिले होते ना तिकडे. पण ही तसं बोलली तेव्हा ते डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, ही अमेरिकेत झालेली चूक."

दोघं हसायला लागली. बाबा डोळे पुसेपर्यंत हसले.

तो उन्हाळा आमच्या घरातला सगळ्यात बडबडीचा. आजीने मागच्या अंगणात कोथिंबीर पेरली, हरणांनी ती खाल्ली, तिने पुन्हा पेरली. ठेचा करताना धुराचा भोंगा वाजला की आजी ओरडायची, "कोण बोंबलतंय हे?" आणि धाकटी झाडू घेऊन धावायची, "थांब, मी बंद करतो!" दुपारी दोघी टीव्हीवर बक्षिसांचा खेळ बघायच्या. धाकटी भाषांतर करायची आणि आजी सल्ला द्यायची, "त्या बाईला म्हणावं, फ्रिज घे, गाडी काय करायचीय?" बाबा घरात 'लई' म्हणायला लागले. माझ्या बोलण्यात काही फरक पडला नाही. आजी मला 'आमची पुण्याची पाहुणी' म्हणायची. मला त्याचा थोडा राग यायचा. मी इतके महिने शिकवणी घेतली होती, आणि आजीने ती विमानतळावर एका वाक्यात मोडीत काढली होती.

आईला काळजी वेगळी होती. "आजी जाईल ऑक्टोबरात. हिला मात्र दिवाळीत पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहायचंय."

त्याचं उत्तर जुलैत मिळालं. त्या दिवाळीच्या मुख्य काकू आजीला भेटायला आल्या, ढोकळा घेऊन. आजीने त्यांना बसवलं.

"तुम्ही खावा. मी आत्ताच जेवलो."

काकूंचा चमचा थांबला. त्यांनी आजीकडे बघितलं, मग धाकटीकडे. बाई सरळ होती, हे सांगायलाच हवं. "अगं बाई," त्या धाकटीला म्हणाल्या, "तुमच्याकडे असं बोलतात होय? मग तेव्हाच सांगायचंस ना मला! मी आपली हसत बसले."

धाकटीने ढोकळ्याचा तुकडा गिळला. "मला तेव्हा माहीत नव्हतं, काकू," ती म्हणाली. "आणि मी घाबरले होते."

घाबरले. होते. डावा रकाना, एकही चूक नाही. मग तिने मान वळवली, "आजी, मी तुझ्यासाठी चहा आणतो," म्हणाली आणि आत गेली.

आई माझ्याकडे बघून नुसती भुवया उंच करून राहिली. मी फ्रिजपाशी जाऊन नववी ओळ खोडली.

तेव्हापासून धाकटी असंच बोलत आली. आईशी, माझ्याशी आणि बाहेरच्यांशी आले. आजीशी आणि बाबांशी आलो. कुणी ठरवून दिलं नाही आणि तिची गफलत झालेलीही मी ऐकली नाही. एक गोष्ट मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण घरात आता ही हकीकत वेगळी सांगतात. धाकटीचं मूळचं आलो कोल्हापूरचं नव्हतं. आजीला तिने ऐकलंच नव्हतं. ती बाबांचं, पुरुषाचं क्रियापद उचलत होती. ती चूकच होती. आजी आली आणि ती चूक राहिली नाही, एवढंच.

आता बाबा नाहीत, आजी तर केव्हाच गेली. धाकटी दक्षिणेत, कॅरी नावाच्या गावी असते, मी अजून न्यू जर्सीतच. तिची मुलगी रविवारी मराठी शाळेत जाते. गेल्या महिन्यात तिथल्या शिक्षिकेने घरी चिठ्ठी पाठवली: मुलगी 'मी आलो, मी गेलो' असं म्हणते, घरी सराव करून घ्यावा. धाकटीने मला फोन केला.

"ताई, उत्तर तू लिही. तुझं लेखी मराठी चांगलं आहे."

"ती कुणाकडून शिकली?"

"माझ्याकडून. मी तिच्याशी तसंच बोलते." मग हसली. "तिच्याशी मला आले म्हणवतच नाही."

म्हणजे या मुलीचं आलो खरोखर आईकडून आलेलं आहे, बाईचं आहे, आणि तरी वर्गात ते चूकच. शिक्षिकेचं काही चुकलेलं नाही. तिला शाळेत एकच रकाना शिकवायचा आहे. मग तिला कळवायचं काय? सराव करून घेऊ, असं? की घेणार नाही? मुलीला दोन्ही येऊ देत, आणि आधी कुणी हसू नये एवढं बघा, असं?

मी तीन मुद्दे काढले आहेत. कागदावर 'आदरणीय बाई, स. न.' एवढं लिहून झालं आहे. पुढचं वाक्य अजून लिहायचं आहे, आणि रविवार परवावर आला.